फाटकावरचे दाम

करमणुकीचा इतिहास लिहिणारे बहुधा पाळण्यांचा इतिहास लिहितात. कोणता पाळणा किती उंच होता, कोणत्या साली विजेचे दिवे लागले, कोणत्या साली आगगाडी धावली, याच्या हकिकती पुष्कळ सापडतात. फाटकाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक कोणत्याही विहारोद्यानातली सर्वांत जुनी आणि सर्वांत बोलकी वस्तू फाटक हीच होय.

आपल्या जत्रेला फाटक नसते. देवळाच्या वाटेवर पाले पडतात. ज्याला पाळण्यात बसायचे तो पाळणेवाल्याच्या हातावर पैसे ठेवतो, आणि ज्याच्यापाशी पैसे नाहीत तो पाळणा फिरताना बघत उभा राहतो. नुसत्या बघण्याला कोणी दाम मागत नाही. आवाराला भिंत पडली आणि भिंतीला फाटक बसले, की बघण्यालाही किंमत येते. मग ती किंमत किती असावी, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाच्या पोटातून दुसराच प्रश्न डोके वर काढतो : आत कोणी यावे?

या प्रश्नाच्या मागे मी लागलो तो कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम गावच्या डिस्नेलँडमुळे. त्या उद्यानाच्या परिभाषेत एकेका भागाला 'लँड' म्हणतात. आपण त्याला 'प्रदेश' म्हणू. मे २०१९ अखेर तिथे एक नवा प्रदेश खुला व्हायचा होता. लोक चार वर्षे त्याची वाट पाहत होते. आणि तो उघडायच्या पाच महिने आधी, जानेवारीतच, फाटकावरचे दर वाढले. तेव्हा एकच तक्रार जागोजाग ऐकू येऊ लागली, की ज्या सामान्य कुटुंबांच्या जिवावर हे उद्यान मोठे झाले त्यांनाच आता बाहेर ठेवणार काय? हे गाऱ्हाणे मला कुठेतरी आधी वाचल्यासारखे वाटले. त्याचा माग काढीत गेलो, तो थेट अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये जाऊन पोहोचलो.

थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर व्हॉक्सहॉल नावाचे विहारोद्यान होते. १७३२ साली जोनाथन टायर्स या व्यवस्थापकाने त्याला नवे रूप दिले. दुतर्फा झाडांच्या वाटा, झाडांत टांगलेले दिवे, वाद्यवृंद, चित्रांनी सजवलेली जेवणाची दालने, असा तो थाट. फाटकावर एक शिलिंग द्यावा लागे, आणि हा एक शिलिंग अर्ध्या शतकाहून अधिक काळ टिकला. परिणाम असा झाला, की उमराव आणि दुकानातला उमेदवार एकाच वाटेवरून चालू लागले. टायर्सच्या हिशेबात अर्थात दुसरीही बाजू होती. तिथल्या जेवणात वाढले जाणारे मांसाचे काप इतके पातळ असत, की त्यांतून वर्तमानपत्र वाचता येईल, अशी थट्टा लंडनभर चाले. फाटक स्वस्त आणि ताट महाग, हा धंद्याचा डाव आजच्या लोकांनी शोधून काढलेला नाही.

१७९२ मध्ये व्हॉक्सहॉलचे शुल्क दोन शिलिंग झाले. डॉक्टर जॉन्सनचा चरित्रकार जेम्स बॉझवेल याला हे रुचले नाही. जॉन्सनच्या चरित्रातच त्याने आपली नापसंती नोंदवून ठेवली आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की या वाढीने आत येणारी मंडळी कदाचित अधिक निवडक होतील. परंतु कितीतरी प्रामाणिक सामान्यजन एका निर्मळ आणि सुंदर करमणुकीला मुकतील. बॉझवेल काही गरिबांचा पुढारी नव्हता. तो स्कॉटलंडमधल्या एका जमीनदार न्यायाधीशाचा मुलगा. दोन शिलिंग त्याला जड नव्हते. तरीही त्याला नेमके काय खटकले ते पाहण्याजोगे आहे. फाटकावर एक शिलिंग वाढला, की उद्यानातली गर्दी आणि उद्यानाचे उत्पन्न तर बदलतेच, पण उद्यान कोणाचे हेही बदलते, हे त्याने ओळखले. पुढच्या सव्वादोनशे वर्षांतला सारा वाद या एका शेऱ्यात मावतो, असे मला वाटते.

या वादाचा सर्वांत मोठा प्रयोग झाला तो १८५१ साली. लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेचा प्रचंड महाल उभारून जगभरच्या वस्तूंचे प्रदर्शन भरवण्यात आले. दोनच वर्षांपूर्वी पंजाबातून हिरावून नेलेला कोहिनूर हिरा तिथे पिंजऱ्यात ठेवला होता. आणि तो अपेक्षेइतका चमकत नाही म्हणून बघे निराश झाले, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. त्या हिऱ्याहून मला तिथले तिकिटाचे कोष्टक अधिक मोलाचे वाटते. हंगामाचे तिकीट पुरुषांना तीन गिनी आणि स्त्रियांना दोन गिनी. १ मे रोजी, उद्घाटनाच्या दिवशी, आत येण्याची मुभा हंगामी तिकीटवाल्यांनाच. पुढचे दोन दिवस एक पौंड; नंतर तीन आठवडे रोज पाच शिलिंग; आणि २६ मेपासून सोमवार ते गुरुवार एक शिलिंग, शुक्रवारी अडीच शिलिंग, शनिवारी पुन्हा पाच. एकाच वस्तूला वारागणिक वेगळा भाव! ज्याला नव्याची नवलाई हवी त्याने मोजावे. ज्याला थांबता येते त्याने थांबून स्वस्तात पाहावे.

शिलिंगचा दिवस जवळ येऊ लागला तसे लंडनच्या प्रतिष्ठितांचे धाबे दणाणले. मजुरांचे लोंढे येतील, काचा फुटतील, दंगे होतील, अशी भाकिते झाली. पोलिसांची जय्यत तयारी झाली. आणि २६ मे उजाडला तेव्हा धास्ती होती तेवढी गर्दी लोटलीच नाही. गर्दीच्या भीतीने गर्दीच घरी बसली. पण शिलिंग टिकला आणि लोकांचा विश्वास बसत गेला. गावोगावच्या कामकऱ्यांनी आठवड्याला थोडे थोडे पैसे साठवले. टॉमस कुकसारख्यांनी त्यांच्यासाठी सहलीच्या आगगाड्या नेल्या. ऑक्टोबरात, प्रदर्शन संपता संपता, एकाच दिवसात १,०९,९१५ माणसे आत येऊन गेली. एकूण भेटींचा आकडा ६० लाखांवर गेला, आणि त्यांतल्या बहुसंख्य भेटी शिलिंगच्या दिवसांतल्या होत्या. काच फुटली नाही, दंगा झाला नाही. सुमारे १,८६,००० पौंडांची शिल्लक उरली, आणि तिच्यातून साउथ केन्सिंग्टनची ती जमीन घेतली गेली, जिच्यावर पुढे वस्तुसंग्रहालये उभी राहिली. शिलिंग देणाऱ्या माणसाने पुढच्या पिढ्यांसाठी काय ठेवले, याचा हा पुरावा आहे.

येथून अमेरिकेत जाऊ. न्यू यॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर एकोणिसावे शतक संपता संपता भिंती घातलेली उद्याने उभी राहिली. जॉर्ज टिल्यू याने १८९७ साली स्टीपलचेस पार्क काढले आणि २५ सेंटांच्या एका तिकिटात आतले सारे खेळ देऊ केले. त्याच किनाऱ्यावर १९०३ साली लूना पार्क उघडले. तिथे फाटकावर १० सेंट, आणि आत प्रत्येक तमाशाला वेगळे पैसे. एकदाच द्या आणि मोकळे व्हा, हा एक पंथ. पावलागणिक द्या, हा दुसरा. करमणुकीच्या धंद्यात आजवर तिसरा पंथ निघालेला नाही. आहेत ती या दोहोंची मिश्रणे. टिल्यूची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९०७ मध्ये त्याचे उद्यान आगीत भस्मसात झाले, तेव्हा त्याने पाटी लावली : जळके अवशेष पाहायचे असल्यास १० सेंट. लोकांनी ते दिले. राखेच्या पलीकडे उद्या काहीतरी नवे उभे राहणार, ही आशाही विकता येते, हे त्या पाटीने सिद्ध केले.

उद्याची आशा विकण्याची ही कला वॉल्ट डिस्नेच्या हातात पूर्णत्वाला गेली. कोपनहेगनचे टिवोली उद्यान १८४३ मध्ये उघडले, आणि त्याचा संस्थापक गेऑर्ग कार्स्टेन्सेन म्हणाला होता, की टिवोली कधीच पुरे होणार नाही. डिस्नेने १९५१ साली टिवोली पाहिले, आणि आपल्या उद्यानाविषयी पुढे त्यानेही तेच म्हटले. हे वाक्य कवीचे वाटते, पण त्यात व्यापारही आहे. जे पुरे होत नाही त्याची वाट पाहणेही संपत नाही. शिवाय डिस्नेच्या हाती कार्स्टेन्सेनपाशी नसलेले एक साधन होते. २७ ऑक्टोबर १९५४ पासून 'डिस्नेलँड' याच नावाचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर सुरू झाला. उद्यान खुले व्हायला अजून नऊ महिने होते; जमिनीवर अजून माती उकरणे चालले होते; पण अमेरिकेतल्या मुलांना त्यातल्या प्रदेशांची नावे तोंडपाठ झाली होती.

१७ जुलै १९५५ ला उद्घाटन झाले. फाटकावर मोठ्यांना एक डॉलर, मुलांना ५० सेंट. आत खेळागणिक वेगळे पैसे. म्हणजे डिस्ने लूना पार्कच्या पंथाचा. दर खेळाला खिशात हात घालावा लागतो अशी कुरकूर होताच त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिकिटांच्या वह्या निघाल्या. त्यांत अ, ब, क या धर्तीवर 'ए', 'बी', 'सी' अशा वर्गांची तिकिटे असत. पुढच्या वर्षी 'डी' आले. १९५९ च्या जूनमध्ये मॅटरहॉर्नचा कृत्रिम पर्वत, पाणबुड्या आणि मोनोरेल यांचे आगमन झाले, आणि त्या वर्षी 'ई' वर्ग निघाला. नवे आकर्षण आले, की किमतीच्या शिडीला वर एक पायरी जोडायची, ही रीत येथे उघड दिसते. 'ई' तिकीट हा शब्द अमेरिकन बोलीत असा रुजला, की १९८३ साली अंतराळात गेलेल्या सॅली राइडने आपल्या उड्डाणाला तीच उपमा दिली. मात्र या वह्यांत एक माणुसकीही होती. 'ई'ची तिकिटे दुपारपर्यंत संपत आणि 'ए'ची उरत. ती कितीतरी घरांतल्या खणांत वर्षानुवर्षे पडून राहिली. ज्याच्यापाशी थोडे पैसे होते त्याला निदान आत जाऊन, झाडाखाली बसून, वाजंत्री ऐकून परतता येत असे.

१९८२ मध्ये वह्या गेल्या आणि १२ डॉलरचा एकच परवाना आला. डिस्नेलँड टिल्यूच्या पंथात गेले. सोय झाली हे खरे; पण त्या दिवसापासून 'थोडे' विकत घेण्याची वाट बंद झाली. नातवाला पाळण्यात बसवून स्वतः बाकावर बसणारी आजीही आता पुऱ्या दिवसाचे दाम देऊ लागली.

आता २०१९ कडे येऊ. 'स्टार वॉर्स : गॅलक्सीज एज' या नव्या प्रदेशाची घोषणा ऑगस्ट २०१५ मध्ये झाली. १४ एकरांचा हा प्रदेश. त्याला जागा करण्यासाठी जानेवारी २०१६ पासून उद्यानातली कृत्रिम नदी आणि तिच्या काठची आगगाडी बंद ठेवण्यात आली. दीड वर्षाने ती परतली तेव्हा नदी आखूड झालेली होती. म्हणजे वाट पाहणाऱ्यांनी पहिली किंमत पैशांत नव्हे, जुन्या नदीच्या रूपाने मोजली. फेब्रुवारी २०१६ मध्ये दिवसागणिक वेगळे दर आले : तोवर सरसकट ९९ डॉलर पडत, ते आता दिवस पाहून ९५, १०५ किंवा ११९ पडू लागले. १८५१ चे कोष्टक एकशे पासष्ट वर्षांनी परत आले. आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वांत स्वस्त दिवस ९७ वरून १०४ डॉलरवर, सर्वांत महाग दिवस १३५ वरून १४९ वर गेला. मोटार उभी करण्याचे २० होते, त्याचे २५ झाले.

डॉलरची किंमत दरम्यान उतरली, हे ध्यानात घेतलेच पाहिजे. १९८२ चे १२ डॉलर म्हणजे २०१९ च्या हिशेबाने सुमारे ३२ डॉलर. दोन्ही वेळच्या तिकिटांत सारे खेळ मोडत होते, तेव्हा ही तुलना न्याय्य आहे. दुसऱ्या रीतीने पाहू. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातले किमान वेतन तासाला ३.३५ डॉलर होते. परवान्यासाठी साडेतीन तासांहून थोडे अधिक राबावे लागे. २०१९ मध्ये मोठ्या कारखानदारांना तासाला १२ डॉलर देणे बंधनकारक होते. स्वस्तातल्या दिवसासाठी पावणेनऊ तास आणि महागातल्या दिवसासाठी जवळजवळ साडेबारा तास. आणि हे एका माणसाचे. आईबाप आणि दोन मुले असा संसार धरला, तर आठवड्याच्या मजुरीकडे बोट जाते.

३१ मे रोजी नवा प्रदेश उघडला. लोंढा येणार म्हणून २३ जूनपर्यंत आगाऊ नोंदणी केलेल्यांनाच, चार चार तासांसाठी, आत सोडण्याची व्यवस्था झाली. ती मुदत संपली, फाटके सताड उघडली; आणि लोंढा आलाच नाही! त्या तिमाहीत कंपनीच्या अमेरिकेतल्या उद्यानांतली उपस्थिती आदल्या वर्षापेक्षा तीन टक्क्यांनी घटली. गर्दीची भीती, आसपासच्या हॉटेलांचे चढलेले भाव, आणि आमचे स्वतःचे वाढलेले दर, अशी कारणे कंपनीचे प्रमुख बॉब आयगर यांनीच सांगितली. १८५१ च्या मे महिन्यातही गर्दीच्या भीतीने गर्दी घरी बसली होती. पण दोन्ही प्रसंगांत एक भेद आहे. लंडनला भीती ओसरल्यावर शिलिंग तिथेच वाट पाहत होता. अनाहाइमला भीती ओसरली तरी दर काही खाली आले नाहीत. उलट त्याच तिमाहीत माणशी खर्च दहा टक्क्यांनी वाढल्याचा आकडा समाधानाने सांगण्यात आला. माणसे कमी, पैसे जास्त. बॉझवेलचा 'निवडक मंडळी' हा शब्द येथे हिशेबाच्या वहीत जमा झालेला दिसतो.

मालकांची बाजू मी डावलू इच्छीत नाही. जमीन तेवढीच, माणसे वाढलेली; दर चढले नाहीत तर रांग लांबते, आणि रांग हीही एक किंमतच आहे, ती वेळाने मोजायची. हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु वेळाच्या नाण्यात एक गुण होता : ते श्रीमंतापाशी आणि गरिबापाशी सारखेच होते. १९९९ मध्ये रांग टाळण्याची सोय निघाली ती फुकट होती. डिसेंबर २०२१ पासून डिस्नेलँडमध्ये तिलाही दाम पडू लागले. तेव्हा गर्दी आवरण्यासाठी दर वाढवले, असे म्हणणाऱ्याला विचारावे लागते, की मग रांगही विकायला का काढली?

मग महागाई मोजायची कशी? वर्तमानपत्रे दर वर्षी सर्वांत मोठा आकडा मथळ्यात छापतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो २०६ डॉलर झाला, आणि त्यावर पुष्कळ हळहळ झाली. मला तो आकडा महत्त्वाचा वाटत नाही. लंडनमध्येही पहिल्या दिवसासाठी तीन गिनी मोजणारे होते. त्यांनी जरूर मोजावे, त्यांच्या हौसेवर इतरांचे स्वस्त दिवस पोसले जातात. विचारायचे ते स्वस्त दिवसाविषयी. २०१९ पासून २०२४ पर्यंत डिस्नेलँडने सर्वांत स्वस्त दिवसाचा दर १०४ डॉलरच ठेवला, हे कबूल केले पाहिजे. पण हे दिवस किती, आणि कोणते? वर्षातले मोजके, आणि तेही बहुधा मुलांच्या शाळा भरलेल्या असतात तेव्हाचे. १८५१ मध्ये आठवड्याच्या सहा दिवसांपैकी चार दिवस शिलिंगचे होते. स्वस्त दिवस हा नियम आणि महाग दिवस हा अपवाद, असे जिथे असते ते उद्यान लोकांचे. जिथे महाग दिवस हा नियम होतो आणि स्वस्त दिवस शोधावा लागतो, तिथे भिंत दिसायला तेवढीच असली तरी उंच झालेली असते.

नवे प्रदेश येतच राहणार. फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडमसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या भागांची घोषणा झाली; त्यांतल्या एकासाठी तिथली जुनी नदी जुलै २०२५ मध्ये बंद करण्यात आली. पुन्हा वाट पाहणे, पुन्हा नकाशे, पुन्हा मुलांच्या तोंडी अजून न झालेल्या जागांची नावे. या वाट पाहण्यात वाईट काही नाही. दिवाळीच्या आधीचा पंधरवडा दिवाळीहून गोड असतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण वाट पाहायला काही पडत नाही, म्हणून ती सगळेच पाहतात. गरिबाचे मूलही पाहते. आणि फाटक उघडते तेव्हा, ज्यांनी ज्यांनी वाट पाहिली त्यांपैकी किती आत जाऊ शकले, हाच त्या उद्यानाचा खरा हिशेब. १७९२ मध्ये एका शिलिंगाच्या वाढीवर बॉझवेलने तो मांडला होता. तो अजून पुरा झालेला नाही.